खांद्यावरचा हात

शमीम कोणालाच अरेतुरे करत नसे. तिच्याहून लहान मुलींनाही ती 'तुम्ही' म्हणायची. कॉम्प्युटरला मात्र ही सवलत नव्हती. पडद्यावर काही चुकीचं उमटलं की ती खुर्ची पुढे ओढायची, स्कार्फ नीट करायची आणि अगदी शांत आवाजात त्याला विचारायची, "काऊन बे?" म्हणजे आमच्याकडचं 'का रे?'. मग उत्तर मिळेपर्यंत ती जागची हलत नसे. मी तिचा मालक होतो, पण तो आवाज ऐकला की मीही आपली काही चूक झाली का ते आठवू लागायचो.

मालक आपला नावाला. मोताळ्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन मी स्टुडिओ काढला होता. शाळांसाठी धड्यांच्या चित्रफिती बनवायच्या. आवाज माझा आणि बाकी सगळं शमीमचं. ती रोज रोहिणखेडहून यायची, तरी मीच तिच्यानंतर पोचायचो. आमची खासियत एकच होती. आमच्या फितीत चित्र आपोआप रेखाटलं जायचं. कोणी अदृश्य माणूस पेन्सिल घेऊन बसला आहे असं वाटावं, तशी एकेक रेघ निघायची, वळायची, जरा थांबायची. हे करणारी करामत म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडलेला एक छोटा प्रोग्राम, मॉडिफायर होता. परदेशातल्या कोणी हौशी माणसाने तो लिहून फुकट वाटला होता आणि नंतर सोडून दिला होता.

"चित्र तं कोणीबी पाह्यते, भाऊ," शमीम म्हणायची. "रेघ कुठून निघाली, ते कोणी पाहत नाई."

विसरणं तिच्या स्वभावात नव्हतं. शाळेतल्या स्पर्धेत तिचं चित्र बाद करणाऱ्या बाईंचा तिला अजून राग होता. "मी भुलत नाई," हे ती आपला रक्तगट सांगावा तसं सांगायची. आणि तिचा सगळ्यात मोठा राग होता बंडूशेठवर.

बंडूशेठचं आमच्या भागात बी-बियाण्यांचं दुकान होतं. एका वर्षी शमीमच्या वडिलांचं, मुनाफभाईंचं कपाशीचं पीक छातीइतकं आलं. शेठने शिवारफेरी काढली, लोकांना जीपने शेतात आणलं आणि मुनाफभाईंच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. पुढच्या हंगामात गावोगाव बॅनर लागले. शेठ हुशार. त्याने फोटोतून स्वतःला कापून टाकलं. उरले मुनाफभाई आणि त्यांच्या खांद्यावर अंगठी घातलेला एक हात. त्या बॅनरखाली त्याने विकलेली बीटीची पाकिटं मात्र बोगस निघाली. बोंडअळीने शिवार खाल्लं, त्यात मुनाफभाईंचंही खाल्लं. पण लोकांनी पाकीट घेतलं होतं ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. "मुनाफनं फसवलं," असं गावात उघड बोललं जाऊ लागलं. त्या सज्जन माणसाने चौकात बसणं सोडलं. तो हात कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

आणि एक दिवस हाच बंडूशेठ आमचा जिना चढून वर आला. पेरणीच्या आधी मंगल कार्यालयात शेतकरी मेळावा घ्यायचा होता, तिथे दाखवायला नव्या बियाण्याची जाहिरात हवी होती. कुठल्याशा शहरात त्याने रेघांची फीत पाहिली होती. "एक कास्तकार काढा. हसरा. अन् शेवटी पाकीट आलं पाह्यजे," तो म्हणाला. मी शमीमकडे बघितलंच नाही. ती ठामपणे म्हणाली, "करून देऊ."

आठवड्याने तिने त्याला कास्तकाराचं चित्र दाखवलं. मुनाफभाई होते ते, हुबेहूब. मिशा, कपाळावरची खूण, हसताना मिटणारा डावा डोळा. शेठने चित्र बघितलं, पुन्हा बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "चेहरा झकास घेतला. इमानदार दिसते." त्याने ओळखलंच नव्हतं.

तो गेल्यावर शमीमने खिडकी लावून घेतली. मग तिने मला बेत सांगितला. आधी अब्बांचा चेहरा, मग खांद्यावरचा हात. रेघ तिथे थांबणार नाही. मनगटावरून, दंडावरून ती वर चढत जाईल आणि त्या हाताच्या मालकाचा चेहरा काढेल. मी घाबरलो. हा माणूस मला मोताळ्यात राहू देणार नाही, हे मला दिसत होतं. पण 'इमानदार दिसते' हे मीही ऐकलं होतं, आणि माझंही डोकं तापलं होतं. मी हो म्हणालो.

नेमकं तेव्हाच खालच्या रिवाइंडिंगवाल्याने काहीतरी उलटसुलट जोडलं आणि आमचा जुना कॉम्प्युटर जळाला. फाइली वाचल्या. नव्या मशीनवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, आणि तिच्यात तो मॉडिफायर चालेना. सगळं चित्र एकदम समोर उभं राहायचं.

"राहू दे तसंच," मी म्हणालो. "चेहरे दिसल्याशी मतलब."

"एकदम दिसलं तं तो पयल्याच झटक्यात बंद पाडन," ती म्हणाली. "लोकाईनं त्या हाताच्या मांगं मांगं चालत गेलं पाह्यजे, भाऊ. सोताच्या डोयानं."

मग तिने तो मॉडिफायर नव्या आवृत्तीसाठी स्वतःच लिहायला घेतला. मला कळलं ते एवढंच, की पूर्वी प्रत्येक रेघ आपले ठिपके वेगळे सांभाळायची. आता सगळ्या चित्राचे ठिपके एकाच लांब रांगेत होते आणि कोणती रेघ कुठे सुरू होते ते वेगळं शोधावं लागत होतं. त्यामुळे काय काय घडायचं! मुनाफभाईंच्या नाकातून निघालेली रेघ थेट कानात शिरायची. मिशी कपाळावर उगवायची. मला हसू फुटायचं, शमीमला नाही. बापाच्या चेहऱ्याची ही दशा बघत ती दात आवळून विचारायची, "काऊन बे?" तिच्या मनात कोण असायचं ते मला माहीत होतं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती रेघ पहिल्यांदा सरळ चालली. हनुवटीपासून निघाली, चेहरा पुरा करून खांद्यावर आली, हाताशी क्षणभर थांबली आणि पुढे सरकली. शमीमने तेव्हा चहा मागवला.

मंगल कार्यालय भरलं होतं. शेठ पुढच्या खुर्चीवर, पांढऱ्याशुभ्र शर्टात. रेघ चालू झाली. डोळा मिटला तसं मागून कोणी बोललं, "हा तं आपला मुनाफ." खांद्यावर हात आला, बोटात अंगठी आली. कुजबुज थांबली. त्या बॅनरखालून सगळेच गेले होते. रेघ मनगटावर चढली, कोपरावर वळली, गळ्यापाशी आली, आणि शेठला समजलं. तो उठून लोकांकडे पाठ करून पडद्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. प्रोजेक्टर चालूच होता. त्याचाच चेहरा त्याच्या शर्टाच्या पाठीवर उमटू लागला.

रोहिणखेडचा एक म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, "बसा ना शेठ. पुरं होऊ द्या."

तो बसला नाही, निघून गेला. पण फीत पुरी झाली. शेवटी पाकीटही आलं, कबूल केल्याप्रमाणे. चित्रातल्या शेठच्या दुसऱ्या हातात ते होतं आणि त्यातून अळी बाहेर येत होती. दुसऱ्या दिवशी तोच म्हातारा मुनाफभाईंच्या दारात गेला आणि त्यांना हाताला धरून चौकात घेऊन आला. मला हे शमीमने सांगितलं, आणि सांगताना ती रडली.

शाळांची कामं मग आटली, शेठचे हात लांब होते. मी स्टुडिओ बंद केला. शमीम हैदराबादला एका कंपनीत लागली. पण ती जाण्याआधी शेठ आणखी एकदा जिना चढून आला. या वेळी तो दारातच उभा राहिला.

"जे झालं ते झालं, ताई," तो म्हणाला. "पोट्टे ती फीत मोबाईलवर पाहून राह्यले, हसून राह्यले. दुकानात कोणी येत नाई. पुसून टाका ना ते."

"पुसता येते, शेठ," शमीम अगदी अदबीने म्हणाली. "मॉडिफायर उलटा चालवला का रेघ आल्या रस्त्यानं मांगं जाते. कागद कोरा होते."

शेठचा चेहरा उजळला. "मंग चालवा ना."

"ते जुन्यात होतं," ती म्हणाली. "नव्यात आणताना तेवढं म्या सोडून देल्लं."