फळ्याचा डावा कोपरा

शिकवायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवावं, याचीच वृंदा आगाशेला नामुष्की वाटत होती. आणि का वाटू नये? तिची आई मंदाकिनी बंगालमध्ये, डमडमच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवतेय. भाजी घ्यायला बाहेर पडली तरी दोन-तीन बायका 'मंदाकिनीदी' म्हणत वाकून नमस्कार करतात. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वृंदा दिसली, की कुणीतरी म्हणतंच, "आईचं रक्त आहे, हिला शिकवणं काय अवघड." रक्तात हिमोग्लोबिन असतं, शिकवणं नसतं, हे त्या भल्या लोकांना कोण सांगणार?

वृंदा विद्यापीठात गणितात पीएच.डी. करते. तिथे संशोधन करणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षाचा एखादा वर्ग शिकवायला देतात. तसा तिलाही मिळाला. चार महिने तिने जीव तोडून शिकवलं आणि चाचणीत अर्ध्याहून जास्त वर्ग आपटला. विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. शिकवणाऱ्या संशोधकांसाठी सहा आठवड्यांचं प्रशिक्षण आहे, ते कर म्हणाले. शेवटी प्रशिक्षक तुझ्या तासाला येऊन बसतील. त्यांनी होकार दिला तर वर्ग तुझा, नाहीतर जानेवारीपासून तो दुसऱ्या कुणाला तरी. लहानपणापासून वृंदाला शिक्षिकेखेरीज दुसरं काही व्हायचंच नव्हतं. घरी तिने अवाक्षर काढलं नाही, शनिवारी लायब्ररीत जाते म्हणून सांगायची.

प्रशिक्षण द्यायला आभादी होत्या. निवृत्त प्राध्यापिका, बोलणं मोजकं, नजर तिखट. पहिल्याच शनिवारी त्यांनी प्रशिक्षणाला आलेल्या सातही जणांना दहा-दहा मिनिटं शिकवायला लावलं. वृंदाने झकास शिकवलं. अक्षर रेखीव, आवाज खणखणीत, आणि नवं काही लिहायच्या आधी फळा वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसलेला. ही आईची शिस्त. जुनं समोर राहिलं की मुलांची नजर भरकटते, असं मंदाकिनीबाईंचं ठाम मत. बाकीच्या सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. आभादी एवढंच म्हणाल्या, "तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यांच्या तीन वह्या पुढच्या शनिवारी घेऊन ये."

वृंदाला राग आला. शिकायला आलो आणि वह्या गोळा करायचं काम मिळालं, हे काय? पण आणल्या बापडीने.

आभादींनी त्या टेबलावर उघडून ठेवल्या आणि स्वतः चहा प्यायला निघून गेल्या. वृंदा पानं चाळू लागली. तिन्ही वह्यांत प्रत्येक तास मधूनच सुरू झालेला, वरची दोन-तीन बोटं जागा कोरी सोडलेली. सुपर्णा मंडल नावाच्या मुलीच्या वहीत त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने, बंगालीत, बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एन म्हणजे काय?' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावरही तेच. अशी अकरा पानं होती. वृंदाने एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

सुपर्णा कॅनिंगच्याही पलीकडून येते. आधी ऑटो, मग सियालदहपर्यंत लोकल, मग बस. दहाच्या तासाला तिला नेहमी सव्वादहा होतात, मागच्या बाकावरच्या बहुतेकांचं तसंच. आणि वृंदा दहाच्या ठोक्याला फळ्यावर पहिली ओळ लिहायची, 'समजा, एन म्हणजे अमुक.' दहा वाजून दहा मिनिटांनी ती ओळ पुसलेली असायची. पुढचा सगळा तास एन, एन आणि एन. मधून मधून वृंदा विचारायची, "समजलं ना?" आणि सगळी डोकी हलायची. भर वर्गात उभं राहून 'नाही समजलं' म्हणायची छाती कुणाची असते?

"तू वाईट शिकवत नाहीस," आभादी परत येऊन म्हणाल्या. "तू दहा वाजता आलेल्यांनाच शिकवतेस."

"मग त्यांनी वेळेवर यावं," वृंदा फटकन बोलून गेली.

"सुपर्णा घरून किती वाजता निघते, विचारलंस कधी?"

विचारलं नव्हतं. सोमवारी विचारलं. सुपर्णा म्हणाली, पावणेसातला. वृंदा घरून निघायची सव्वानऊला, तेही पोटभर पोहे खाऊन. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की त्या दिवशी सुपर्णाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणं तिला जमेना.

मग तिने फळ्याच्या डाव्या बाजूला एक उभी रेघ मारली. पहिली ओळ त्या कोपऱ्यात लिहायची आणि तास संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही. सुरुवातीची पंधरा मिनिटं मागचं एखादं उदाहरण घ्यायचं, नवं काही नाही. ऐकायला सोपं आहे हो, पण लहानपणापासूनची सवय हाताला स्वस्थ बसू देईना. एकदा बोलता बोलता डस्टर गेलाच त्या कोपऱ्यावरून, आणि अख्खा वर्ग "दीदी, दीदी" करून ओरडला. मग सगळेच हसले, वृंदासुद्धा. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हात वर करून "नाही समजलं" म्हणालं.

शेवटच्या तासाला आभादी फॉर्म घेऊन मागे बसल्या. वृंदाने मिनिटामिनिटाचं नियोजन केलं होतं. आणि नेमक्या त्याच दिवशी लोकल खोळंबल्या. सव्वादहाला अर्धी बाकं रिकामी. नवं सुरू करावं तर मागच्या बाकांवरचे सगळे बुडणार, थांबावं तर नियोजनाचे तीन तेरा. तिने कशीबशी सुरुवात केली. साडेदहाला सुपर्णा आणि आठ-दहा जण धापा टाकत आत आले. वृंदाने खडू खाली ठेवला.

"जे वेळेवर आलेत, त्यांनी यांच्याशेजारी जाऊन बसा. डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते तुम्हीच समजावा," ती म्हणाली.

त्यात दहा मिनिटं गेली. वर्गात कलकलाट झाला. तास संपला तेव्हा सिद्धता अर्धीच झाली होती. संपलं सगळं, वृंदाच्या मनात आलं.

आभादींनी फॉर्म तसाच घडी घालून पिशवीत टाकला आणि सुपर्णाची वही मागून घेतली. पानावर पहिली ओळ होती. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एन शून्य असला तर?'

त्यांनी वही वृंदापुढे धरली. "जानेवारीच्या पहिल्या तासाला याचं उत्तर दे. वर्ग तुझाच आहे."

घरी येऊन वृंदाने आईला सगळं सांगून टाकलं, शनिवारच्या थापांसकट. आई रागावेल असं तिला वाटलं होतं. मंदाकिनीबाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि वृंदाच्या मोबाइलमधले सुपर्णाच्या वहीचे फोटो एकेक करून पाहिले. अकराही पानं पाहिली.

"एकतीस वर्षांत मी मागच्या बाकावरची वही कधी मागितली नाही गं," त्या म्हणाल्या. त्यांनी पहिला फोटो पुन्हा उघडला. मग हळूच म्हणाल्या, "उद्या माझ्या सातवीच्या तासाला येऊन बसशील? मोठ्या बाईंना मी विचारते. आणि वह्या तूच माग. मी मागितल्या तर पोरी नेमक्या चांगल्याच वह्या पुढे करतील."