बाण बदलला तेव्हा

भरे या गावात मी तीन वर्षं भाड्यानं राहिले. मूळची लातूरची. पिरंगुटजवळच्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी आणि जोडीला पीएचडी. रेणूंची अभिक्रिया होताना इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात, हे क्वांटम रसायनशास्त्राच्या गणितातून काढून त्याची हलती चित्रं करायची, हा माझा विषय.

घरमालकीण काकू आठवीपर्यंत शिकलेल्या. रविवारी दुपारी वालाच्या शेंगा सोलायला घेऊन त्या माझ्या माडीवरच्या खोलीत बसायच्या. वरती वारा छान यायचा. त्या दुपारांची मला अजून सय येते.

एकदा त्यांनी लॅपटॉपकडे बघत विचारलं, "हे निळं काय हालतंय गं?"

"इलेक्ट्रॉनचा ढग, काकू. या लाल अणूपासून निघतो, पलीकडच्या अणूला जाऊन जोडला जातो."

पुस्तकात तिथं इलेक्ट्रॉनची वाट दाखवणारा एक वाकडा बाण असतो, लाल अणूपासून निघणारा. कॉलेजपासून तो मी न बघता काढत आले होते. प्रबंधाच्या मसुद्यातही तसाच काढला होता.

काकूंनी ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"तू म्हंतीस लालपासनं निघतोय. पर त्याच्याजवळचा ढग तर जागचा हालत न्हाई. जातोय त्यो शेजारचा."

"तसं नसतं हो, काकू."

"मला काय कळतंय त्यातलं? दिसलं ते सांगितलं."

त्या खाली गेल्यावर मी एकेक चित्र थांबवून पाहिलं. शेजारच्या बंधातलेच इलेक्ट्रॉन सरकत होते. मी आजवर फक्त पहिलं आणि शेवटचं चित्र नीट पाहिलं होतं, मधलं सगळं गृहीत धरलं होतं. फार ओशाळले. आठवडाभर गणित दुसऱ्या पद्धतीनं करून पाहिलं. उत्तर तेच आलं. मार्गदर्शक सर आकडे तपासून फोनवर म्हणाले, "बाण बदला."

काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग आता पुस्तक बदलत्यात व्हय?"

"पुस्तक नाही, माझा प्रबंध बदलला."

"तेवढं लई झालं."

प्रबंध छापून आला तेव्हा त्यांना दाखवायला घेऊन गेले. आभाराच्या पानावर त्यांचा उल्लेख होता, पण त्यांनी आधी ते चित्र शोधायला लावलं. शेजारच्या जाऊबाईंना हाक मारून, पानावर बोट ठेवून, त्यांनीच सगळं समजावलं.

पुढं मी पुण्यात आले. त्यांनी रस्त्याकडेची जमीन विकली आणि मुलाकडे पौडला राहायला गेल्या. फोनवर "ये की कवातरी" म्हणतात. मी व्हय म्हणते, आणि अजून गेलेले नाही.