शिवेवर पुरलेली मेणाची वडी

माझ्या मामाच्या धाकट्या लेकीवर, नऊ वर्षांच्या पोरीवर, अन्याय झाला तो मागच्या वर्षी, पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी पावणेबारा वाजता. मोठ्या शहरातल्या एका हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या माणसानं मामाच्या हातात बंद पाकीट ठेवलं, रजिस्टरवर सही घेतली, "पुढं लागेल, जपून ठेवा" म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. आत काय आहे, कुठं न्यायचं, किती दिवसांत न्यायचं, यातलं एक अक्षर त्यानं सांगितलं नाही.

पोरीच्या मेंदूच्या मधोमध गाठ होती. ती सगळी काढता येण्यासारखी नव्हती, म्हणून डॉक्टरांनी तिचा बारका तुकडा काढून मेणात बसवला होता. पाकिटात ती मेणाची वडी होती, काडेपेटीहून लहान. ती दुसऱ्या लॅबमध्ये तपासायची होती. तसं रिपोर्टात लिहिलेलंही होतं. इंग्रजीत.

मामी पोरीजवळ थांबली. मामा कपडे न्यायला एसटीनं लोहाऱ्याला आणि तिथून जीपनं गावी, माकणीला आला. थोरली मामी, म्हणजे त्याची भावजय, शिवेजवळ रस्त्यावरच भेटली.

"भावजी, पिशवीत काय हाय?"

"लायनीतला एकजण म्हणला, गाठीचा तुकडा हाय."

"मग ते घरात आणू नका."

आमच्याकडं लेकराचा गोवर उतरला की लिंबाचा पाला आणि दहीभात शिवेबाहेर ठेवून येतात. मागं वळून बघत नाहीत. आजार गावाबाहेर गेला पाहिजे. मामानं तेच केलं. शिवेच्या दगडाशी खड्डा घेतला, पाकीट पुरलं, वळून न बघता घरी आला. कुणाला बोलला नाही, कारण ते बोलायचंच नसतं.

मी तेव्हा पत्रकं वाटत होते. 'आमच्या लेकरांच्या डोक्यात विष कुणी कालवलं?' फवारणीची औषधं विकणाऱ्यांवर माझा संशय होता, आणि पुरावा नसतानाही मी तो छापला होता.

दिवाळीच्या सुमाराला पोरीचे किरणांचे उपचार संपले. डॉक्टरांनी विचारलं, "तुकड्याची तपासणी झाली का?" मामा पोरीला घेऊन बाहेर गेला. मला वाटलं, हॉस्पिटलनंच तुकडा दाबला. संशोधनाच्या नावाखाली विकलाही असेल. मी मामाला ओढतच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये घेऊन गेले आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंसमोर पाच मिनिटं भाषण ठोकलं. त्यांनी शांतपणे रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

"ही सही कुणाची?"

"मामाची."

"मग आता ओरडा. पण कुणावर ते आधी ठरवा."

तपासणी कशासाठी हवी, ते त्यांनी मामाला समजावलं. शरीराच्या सगळ्या कामांच्या सूचना पेशीत एका लांब दोऱ्यावर असतात. तो दोरा रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांवरच्या खुणा ठरवतात कुठली सूचना उघडी आणि कुठली बंद. खुणा लावणारी आणि पुसणारी वेगवेगळी प्रथिनं असतात. लेकराचा मेंदू घडताना काही सूचना वेळेवर बंद व्हाव्या लागतात. अशा काही गाठींत रिळातच बिघाड होतो, बंदची खूण नीट लागत नाही आणि पेशी वाढतच जातात.

मामा ठिबकच्या फिटिंगची कामं करतो. तो म्हणाला, "म्हंजे पाइप हाय तसाच, पाणी हाय तसंच. एक कॉक बंद व्हईना."

"अगदी तसंच."

"मग कॉक बदला की."

"ते अजून जमत नाही. दुसरीकडून दाब कमी करणारी औषधं शोधतायत. हाच बिघाड असेल आणि उपचारानंतर गाठ पुन्हा वाढली, तर परदेशात एका गोळीला मंजुरी आहे. काहींनाच लागू पडते. बरं करते, असं मी म्हणणार नाही."

परदेशातली गोळी म्हटल्यावर माझे कान टवकारले. "कंपनी तुम्हाला काय देते?"

"चहासुद्धा नाही. तुम्ही पाजता का?"

मामा हसला. मी हसले नाही. मी फवारणीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "या गाठीचं असं कुठलं कारण सापडलेलं नाही. घरच्यांनी काही केलं म्हणूनही ही होत नाही."

ते ऐकून मामा खाली बघत म्हणाला, "तुकडा शिवेवर हाय. म्याच पुरलाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही खणायला गेलो. पावसानं काळी माती बसली होती, पहिला खड्डा चुकला. थोरली मामी लांब उभी राहून म्हणाली, "अजून उजवीकडं. म्या बघितलं व्हतं वळून." पाकीट सापडलं. उंदरानं वडीचा एक कोपरा कुरतडला होता. दुसऱ्या लॅबनं सांगितलं, उरलंय तेवढं तपासणीला पुरेल.

तपासणीत रिळाचा तोच बिघाड निघाला. आता स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढलेली दिसतेय. गोळीसाठी डॉक्टरांनी अर्ज केलाय, उत्तर नाही. कुणाचा अर्ज वर ठेवतात आणि कुणाचा खाली, ते मला कुणी सांगत नाही. पोरगी डावा पाय ओढत चालते. दोन-अडीच महिने तो तुकडा मातीत होता. त्यासाठी मी मामाला दोष देणार नाही. पोरीच्या आजाराबद्दलचं माझं पत्रक मी इथं मागं घेते. फवारणीचं भांडण वेगळं, ते पुराव्यानिशी करीन.

तुमच्या घरात, गोठ्याच्या वळचणीला किंवा शिवेवर असं पाकीट असेल, तर आजच काढा आणि डॉक्टरांकडं न्या. पुढच्या वेळी कुणी असं पाकीट हातात दिलं, तर आत काय आहे, कुठं न्यायचं आणि कधीपर्यंत, हे मराठीत लिहून मिळाल्याशिवाय सही करू नका. मागची लाइन खोळंबली तर खोळंबू द्या.