परंड्याच्या किल्ल्याची वळणं

आमच्या घरी पाहुणा आला की त्याचा चहा संपायच्या आत अण्णा चप्पल घालून दारात उभे. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर. परंड्याचा किल्ला पाहिल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसे. बहिणीला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी आधी बुरुजावर चढवलं होतं. मला तर या सगळ्याचा वीट आला होता.

खंदक ओलांडला की ते थांबत. "आतला दरवाजा दिसतूय का हितनं? न्हाय. मग हत्ती धावत येऊन धडक कशी देणार?" वाट दोन तटांच्या मधून वळते, एका दरवाजातून दुसऱ्याकडं जाताना पुन्हा वळते आणि वळणावळणाला वरून मारा करायची सोय. "शत्रू आत शिरला तरी त्याला पळता येऊ नये," हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

गेल्या हिवाळ्यात माझे साडू आले. अण्णा त्यांना बुरुजावरची तोफ दाखवत होते. बोलता बोलता अण्णांची जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं आणि ते तोफेला टेकून खालीच बसले. उजवा हात उचलेना.

साडू, मी आणि फिरायला आलेले दोघं, अशा चौघांनी त्यांना शालीत घालून उचललं. रिक्षा खंदकाच्या पलीकडं. पायऱ्या उंच, दगड गुळगुळीत. प्रत्येक वळणावर थांबायचं, शाल सावरायची, मग पुढं. हे दरवाजे बांधणाऱ्याला मी तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. बार्शीला डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं."

जीव वाचला, वाचा गेली. आता फक्त "व्हय" एवढंच येतं. हवं असलं तरी व्हय, नको असलं तरी व्हय.

परवा बहिणीच्या सासरची माणसं आली. अण्णांनी डाव्या हातानं माझी बाही ओढली आणि हनुवटीनं किल्ल्याची दिशा दाखवली. मी व्हीलचेअर ढकलत त्यांना खंदकापर्यंत नेलं आणि पाहुण्यांना सांगायला लागलो. खंदक, दोन तट, हत्ती. पाठच होतं सगळं. अण्णा खुशीत मान डोलवत होते.

दुसऱ्या दरवाजाचं सांगताना त्यांनी एकदम जोरात नकारार्थी मान हलवली. मी वाक्य बदलून सांगितलं. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा सांगितलं.

"व्हय! व्हय!" ते कळवळून म्हणाले. मान मात्र नाही म्हणत होती.

"अण्णा, काय चुकलं ओ माझं?"

पाहुणे म्हणाले, "राहू द्या, छान सांगितलंत तुम्ही." अण्णा लहान मुलासारखे रडायला लागले. मलाही आवरेना. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना ते सांगता येत नाही.