देव म्या मांडला

आज आमच्या वस्तीत ट्रॅक्टर हाय, नळ हाय, पोरांची मोटारसायकल हाय. पण आमी आलो तवा हितं नुसता खडक व्हता, इंदापूरकडनं नरसिंहपूरला जाताना रस्त्याच्या कडंला. सासऱ्यांनी मेंढरं इकून तो माळ रीतसर घेतला. फुकटात न्हाय बसलो आमी, एवढं आधीच सांगते.

मेंढरांमागं रानोमाळ फिरताना आमचा बिरोबा घोड्यावर असायचा, घोंगड्यात बांधलेला. मुक्काम पडला की सासरे देव भुईवर मांडायचे, निघताना तेच उचलायचे. ज्यानं मांडला त्यानंच उचलायचा, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय, बाईनं तर न्हायच न्हाय, ही आमच्यातली रीत. आणि देव बसल्याबिगर घराचा पाया घालायचा न्हाय, ही दुसरी.

माळावर देव बसवायचं ठरलं, तेवढ्यात गावची माणसं आली. म्हणाली, "जमीन घेतली, ठीक हाय. पण गावात देव हाय की! तुमचा हितं नको. आज देव बसवाल, उद्या जत्रा भरवाल, परवा गावावर हक्क सांगाल."

सासरे पडले नरम. "बघू, थांबू," म्हणत त्यांनी देव घोंगड्यातच ठेवला. पाया तसाच राहिला. मला सातवा महिना लागलेला, आणि आमचं कापडाचं पाल वाऱ्यानं रोज उडायचं. मला असा संताप यायचा! माझं पोर काय वाऱ्यावर जन्माला घालू? पालात जन्मलेली आमी तेवढी बास न्हाय का?

एके सकाळी गडीमाणसं बाहेर गेल्याली. म्या अंघोळ केली, देव काढला, बाभळीखाली मांडला आणि मूठभर भंडारा उधळला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अगं बये, काय केलंस गं हे!"

"चांगलं केलं," म्या म्हटलं.

दुपारपतूर गाव गोळा झालं. सासरेही परत आले. गावातला एक म्हातारा त्यांना म्हणाला, "आबा, मुकाट्यानं देव उचला."

सासरे वाकले असते, तर घराचं नावच सोडा. त्यांनी देवाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पागोटं सारखं केलं.

"म्या न्हाय मांडला," ते म्हणाले. "जिनं मांडला तिला इचारा."

सगळी माझ्याकडं वळली. म्या पदर खोचला.

"न्हाय उचलत," म्या म्हटलं. "आणि वाईच बाजूला सरा, पाया आखायचाय."