विष्णूआप्पांचा डोळा आणि माझी बातमी

विष्णूआप्पांचा डावा डोळा अस्वलानं काढला, आणि त्याची पहिली बातमी मी खोटी लिहिली.

आप्पा आज सकाळी गेले.

खानापूरच्या जंगलाला लागून त्यांचं भाताचं शेत. मी तेव्हा बेळगावात नवा रिपोर्टर. आप्पांना न भेटताच, फोनवर ऐकून हेडिंग दिलं : ‘पिसाळलेल्या अस्वलाचा शेतकऱ्यावर हल्ला’.

माझं ‘पिसाळलेलं’ संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर ‘नरभक्षक’ झालं.

खाली मेसेजवर मेसेज. ठार मारा. जाळा.

दोन दिवसांनी फोटोसाठी हॉस्पिटलमध्ये गेलो. अर्ध्या तोंडाला बँडेज. त्यांच्या मुलीनं, शांताआक्कानं, त्यांना पेपर वाचून दाखवला होता.

“हे तू लिवलंस व्हय?”

“लोक म्हणत होते, आप्पा...”

“लोक हुते का तिथं? मी हुतो. म्हैस हुडकत जाळीत शिरलो. तिथं अस्वलीण पिल्लं घिऊन बसलेली. भ्याली, मारलं, पिल्लं पाठीवर घेतली आन् गेली. खायाचं असतं तर मला सोडलं असतं व्हय रं?”



तेवढ्यात आक्काचा फोन वाजला. गावातली माणसं कुऱ्हाडी, कोयते घेऊन अस्वल मारायला निघाली होती.

आप्पा कॉटवरून उतरले. डॉक्टर नको नको म्हणत होते. आक्कानं जीप आणली. आप्पा मला म्हणाले, “तूबी चल.”

जंगलाच्या वाटेवर, गर्दीसमोर, तो माणूस चक्क मातीत बसला.

कुणीतरी ओरडलं, “आप्पा, तुमचा डोळा गेलाय की!”

“डोळा माझा गेलाय. तुमचं काय गेलंय?”



मग आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्यो पेपरवाला. ह्येनं मला न इचारता लिवलं. सांग रं.”

सांगितलं. सगळ्यांसमोर.

हळूहळू माणसं परत फिरली. अस्वलीण आणि तिची पिल्लं वाचली.

खरी बातमी दुसऱ्या दिवशी आली, आतल्या पानावर, चार ओळींची. ती कुणी शेअर केली नाही.

पुढं एकदा मी विचारलं, “आप्पा, अस्वलिणीचा राग येत न्हाय?”

“येतो की. आरशात बघितलं की लई येतो. पर राग खरा हाय म्हणून खोटं बोलू व्हय?”

इतका मोठा माणूस मी जवळून पाहिला.

आप्पा, तुमच्या पायावर डोकं ठेवतो. सुखानं जावा.