खरा आजारी ओळखणारा माणूस

हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे भिंगसाहेब म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं. फ्रिज आणि कपडे धुण्याची मशीन विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेणाऱ्यांचे ते प्रमुख. कुणाचा फ्रिज गार होत नाही, कुणाचं मशीन नाचत नाचत बाथरूमच्या दारापर्यंत येतं, असली रडगाणी ऐकून घेणारी दहा-बारा माणसं त्यांनी सांभाळायची.

कंपनीनं भाडं वाचवायला ऑफिस बंद केलं आणि सगळ्यांना आपापल्या घरी बसवलं, तेव्हा साहेबांना कामाची काळजी वाटली नाही, आजारपणाच्या रजेची वाटली. ऑफिसात आजारी माणूस डोळ्यांना दिसतो. त्याची चाल दिसते, उतरलेला चेहरा दिसतो. आता सगळा कारभार फोनवर. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि त्यातली लंगडी कोणती तेही उंटावरूनच ओळखायचं. शिवाय त्यांचा साधा सवाल होता, की घरी बसून काम करणाऱ्याला आजारपणाची रजा लागतेच कशाला? बस पकडायची नाही, बूट घालायचे नाहीत. पलंगावरून उठायचं आणि टेबलाशी बसायचं, बस्स.

साहेब काही जन्मजात संशयी नव्हते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या एकानं तापाची रजा घेतली होती. साहेबांनी त्याचं काम स्वतः उपसलं, वर संध्याकाळी फोन करून काढा प्यायला सांगितलं. पुढच्याच आठवड्यात त्याच दिवसाचा एक फोटो ऑफिसभर फिरला. हा गृहस्थ कुणाच्या तरी लग्नात टाय डोक्याला बांधून नाचत होता. सगळे हसले ते त्याला नव्हे, साहेबांना. त्या दिवसापासून साहेबांनी कानाला खडा लावला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. साहेब पाणीही फुंकून प्यायला लागले.

घरून काम सुरू झाल्यावर त्यांनी आवाजावरून आजार ओळखण्याचं एक शास्त्रच उभं केलं. खरा खोकला छातीतून येतो, खोटा घशातून. खरा आजारी थोडक्यात बोलतो, खोटा एका प्रश्नाला दोन उत्तरं देतो. रजा मागणाऱ्याला ते सकाळी एकदा फोन करत आणि दुपारी अचानक पुन्हा, आणि मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येताहेत का ते बघत. हे सगळं चाले बाहेरच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावरून. पलीकडे पातळ भिंत, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, आणि तिथे त्यांची बायको.

नव्यानंच लागलेल्या एका मुलीनं एकदा ताप आहे म्हणून रजा मागितली. साहेबांनी विचारलं, मोजलात का, की नुसतं अंग गरम वाटतंय? मोजायचं यंत्र घरात नव्हतं. मग साहेबांनी तिला कॅमेरा लावायला सांगितला. ती स्पीकरवर रडायला लागली. रडणं त्यांच्या शास्त्रात संशयास्पद होतं.

"घरीच तर आहात," ते म्हणाले. "पडल्या पडल्या जमेल तेवढं करा."

मुलीनं दिवसभर काम केलं. फोन ठेवताच साहेबांनी भिंतीकडे तोंड करून बायकोला ओरडून सांगितलं, "नाटक गं, सगळं नाटक."

आणि मग त्यांच्या स्वतःच्याच घरात पाणी मुरायला लागलं.

ते पाणी प्यायला आत गेले की बायको "बरं, ठेवते" म्हणून फोन बंद करायची. कुणाचा होता म्हणून विचारलं, तर मुलीचा. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, तिच्या फोनमध्ये बापापासून लपवण्यासारखं काय असणार? दुपारी साहेब हेडफोन लावून मीटिंगला बसले की त्यांच्या पाठीमागे बाहेरच्या दाराची कडी हळूच सरकायची. भाजी आणायला गेले होते म्हणे, आणि पिशवीत दोन लिंबं. या बाईच्या अख्ख्या संसारात दुपारी पलंगाची चादर कधी विस्कटली नव्हती, ती आता रोज विस्कटलेली. एरवी उभ्यानं चार माणसांचा स्वयंपाक उरकणारी बाई हल्ली कांदा चिरायलासुद्धा स्टूल घेऊन बसायची.

"दुपारी झोपतेस का हल्ली?" त्यांनी एकदा विचारलंच.

"नाही हो. चादर झटकायची राहिली. आणि डोकं जरा जड होतं."

एका प्रश्नाला दोन उत्तरं. साहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांचा पहिला तर्क असा, की मायलेकी मिळून काहीतरी शिजवताहेत. हे घर विकून आमच्याकडे राहायला या, असं मुलीनं मागे सुचवलं होतं आणि साहेबांनी ते तिथल्या तिथे उडवून लावलं होतं. आता दोघींची अळीमिळी गुपचिळी चालली असणार. दुसरा तर्क त्यांना स्वतःशीसुद्धा नीट उच्चारवेना. नातवंडं झालेली बाई, आणि आपण काय मनात आणतोय? त्यांना लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून त्यांनी तर्क सोडून दिला, असं मात्र झालं नाही.

शेवटी त्यांनी सापळा लावला. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी स्वतः आजारपणाची रजा घेतली. पोट बिघडलंय, इतकंच वर कळवलं. वरच्यांनी काही न विचारता काळजी घ्या म्हणून उत्तर पाठवलं. असल्या भोळसट माणसांमुळेच कंपन्या बुडतात, असं साहेबांना वाटलं. मग हेडफोन कानाला लावून ते रोजच्यासारखे बंद स्क्रीनपुढे बसून राहिले. दुपारी कडी सरकली. जिन्यातली पावलं विरल्यावर ते चपला हातात घेऊन निघाले.

बायको रस्त्यानं सावकाश चालली होती. बसथांब्यापाशी ती बाकावर बसली. बस आली, गेली, ही तिथेच. कुणाची तरी वाट बघतेय, साहेबांनी औषधांच्या दुकानाआडून ताडलं. कुणीच आलं नाही. ती उठली, थोडं चालली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर पुन्हा बसली, पदराशी चाळा करत, मान खाली घालून. इथे भेटायचं ठरलंय तर, असं ते मनाशी म्हणाले. तिथेही कुणी आलं नाही. ती पुन्हा उठली, कोपऱ्यावरच्या इमारतीत शिरली. साहेब मागोमाग गेले आणि पाटीसमोर थबकले. हृदयरोगाचा दवाखाना होता.

आत ती भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर जाडजूड फाईल होती. एका दिवसात अशी फाईल होत नाही, एवढं साहेबांना कळत होतं. ते शेजारी जाऊन बसले. तिनं दचकून पाहिलं.

"अहो, तुम्ही? मीटिंग नाही आज?"

"रजा घेतली."

"कसली?"

"आजारपणाची," ते म्हणाले.

तिनं फाईल बाजूला ठेवली आणि चटकन त्यांच्या कपाळाला हात लावला. "काय होतंय? सकाळी बोलला नाहीत ते. चालत कशाला आलात मग? जेवणात काही आलं का?"

तिचा हात गार होता. मला काही झालेलं नाही, मी तुझ्या पाळतीवर आलोय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी फाईलकडे बोट दाखवलं आणि हे कधीपासून, म्हणून विचारलं. विचारताना त्यांचा आवाज फोनवरच्यासारखाच निघाला. तिनं हात मागे घेतला.

थोडं चाललं तरी दम लागतो, छातीत आवळल्यासारखं होतं, असं तिनं हळूहळू सांगितलं. मुलीला माहीत होतं. बाबांना सांग म्हणून ती रोज फोनवर मागे लागली होती. हृदयाची झडप नीट मिटत नाही, बहुतेक ऑपरेशन करावं लागेल, आणि येताना घरचं कुणीतरी घेऊन या असं डॉक्टर दर खेपेला सांगत होत्या.

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं फाईलची दुमडलेली कड बोटानं सरळ केली.

"स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं हो," ती म्हणाली. "तुम्ही विचारता ते सगळं. ती तुमच्याकडची नवी मुलगी रडली ना, त्याच सुमाराला मला दम लागायला लागला. म्हटलं, मला विचारलंत तर मी काय सांगू? तिला निदान ताप तरी होता. माझ्याकडे तर दाखवायला काहीच नव्हतं."

"तू काय माझ्या हाताखाली कामाला आहेस?"

तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे साहेबांना कळलं नाही. इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात आत बोलावलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. घरचं माणूस बघून त्यांना बरं वाटलेलं दिसलं. आता ऑपरेशन किती लवकर करायचं ते ठरवायचं आहे, त्यासाठी त्रास नेमका किती होतो ते मला नीट सांगा, त्या म्हणाल्या. चालताना थांबावं लागतं का?

बायकोनं आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"थोडंसं होतं," ती म्हणाली. "फार नाही. येते की मी चालत."

दोनदा बसलीस, हे शब्द साहेबांच्या ओठांवर आले. पैज लावून सांगितलं असतं, हे खोटं आहे. पण आजार फुगवून सांगणारी माणसं पकडण्यातच त्यांची सगळी हुशारी गेली होती. लपवून सांगणारं माणूस त्यांच्या शास्त्रात नव्हतंच. डॉक्टर बाईंनी पुन्हा विचारलं, रात्री सपाट झोपता येतं का? बायकोनं पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. जपून बोलणाऱ्या माणसाची ती नजर होती. फोनवर त्यांना ती कधी दिसली नव्हती.

साहेब उठले.

"मी बाहेर बसतो," ते म्हणाले. "तू सांग यांना. काय होतं ते सगळं सांग."

दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं. दाराला लागूनच एक खुर्ची रिकामी होती आणि तिथे आतलं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं. साहेब क्षणभर त्या खुर्चीपाशी उभे राहिले. मग पार पलीकडे, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीखाली जाऊन बसले. तिथे गाड्यांच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. बायको कितीतरी वेळ बाहेर आली नाही.